सुनेचा अंगठा

माय,

आधी घडलं ते लिहिते. कार्यालयाला द्यायचा खुलासाही असाच आहे.

१. सकाळी साडेदहाला बाई दवाखान्यात आली, सोबत सासू. आठवा महिना, तिसरी खेप. आधीची दोन्ही मुलं पोटातच गेलेली.
२. रक्तदाब १७०/११०. पायावर बोट दाबलं की खड्डा राहत होता. लघवी तापवली, ती गढूळ झाली. डोकं दुखत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती.
३. डॉक्टर शिबिराला गेले होते. जीप त्यांच्याकडे.
४. झटके येऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलेल्या सूचनेप्रमाणे इंजेक्शन दिलं.
५. संमतीच्या कागदावर नवऱ्याची किंवा सासरच्या माणसाची सही घ्यायची पद्धत आहे. मी बाईचा स्वतःचा अंगठा घेतला.
६. आलापल्लीच्या डेपोतून सागवान घेऊन निघालेल्या ट्रकच्या केबिनमध्ये तिला डाव्या कुशीवर झोपवून चंद्रपूरला नेलं. सोबत मी होते.
७. तिथे ऑपरेशन करून मूल काढलं. मुलगी, एक किलो आठशे ग्रॅम. दोघी जिवंत आहेत.

सासऱ्याने तक्रार दिली आहे की नर्सने परवानगीशिवाय सून नेली. खुलासा सोमवारी द्यायचा आहे. आमचे मोठे बाबू माणूस वाईट नाहीत. काल चहा पुढे सरकवत म्हणाले, "सिस्टर, लिहून टाका ना, सासू हो म्हणली होती म्हणून. कोण पाह्यते?"

"मी पाह्यते."

"मंग बदली होईन तुमची सिरोंच्याले."

"तिथं बाया बाळंत होत नाईत काय, भाऊ?"

ते हसले, पण खुलासा मागणारा कागद परत घेतला नाही.

तुला जाऊन दहा वर्षं झाली. तुझ्याबद्दल मी कोणाशी बोलत नाही. बोलले तर लोक म्हणतात, तुझी माय मोठी हुशार सुईण होती, आणि मला ते खोडता येत नाही. मी अकरा वर्षांची होते, तो दिवस मात्र मला अजून पटलेला नाही. तू मला पाटलाच्या घरी सोबत नेलंस. त्यांची सून ओसरीवर बसली आहे, पाय मडक्यासारखे सुजलेले. तू तिच्या घोट्यावर बोट दाबतेस, खड्डा भरत नाही. तू तो खड्डा बराच वेळ पाहतेस. तुला रक्तदाब माहीत नाही, पण काय होणार ते माहीत आहे. मी तुझा चेहरा पाहते आहे. तू हळू आवाजात म्हणतेस, "पाटलीनबाई, गाडी जुंपा. हिले दवाखान्यात न्या." आणि तिची सासू सुपातले तांदूळ पाखडत म्हणते, "आज अमुश्या हाय. आज आमच्या घरची गाडी निघत नाई." तू खाली बसतेस. दुपारी सुनेला झटके आले. दिवस मावळायच्या आत ती गेली.

घरी तू चूल पेटवलीस आणि नुसतीच बसून राहिलीस. मी विचारलं, "काऊन नाई नेलं तिले?" तू मला थापड मारलीस. मग म्हणालीस, "त्याइच्या विहिरीवर आपल्याले पाणी भरू देत नाई, अन् त्याइची सून मी उचलून नेऊ? उद्या याच गावात राहाचं हाय." तुझं कारण खरं होतं. मला ते तेव्हाही कळलं असावं. पण कारण कळणं वेगळं आणि ते मान्य करणं वेगळं. मी ते मान्य केलेलं नाही, आजही करत नाही. नागपूरला शिकताना सूज, रक्तदाब, झटके हा धडा आला तेव्हा वर्गात मी एकटीच होते जिने काही लिहून घेतलं नाही.

यावेळी दवाखान्यात मी त्या बाईकडे, सुनेकडे, वळून विचारलं, "तुले जायचं हाय काय?"

"मले कोण विचारून राह्यलं?"

"मी."

तिने सासूकडे पाहिलं नाही. अंगठा पुढे करून म्हणाली, "कुठी लावू?"

बाबूंना वाटतं मी हट्टीपणा करते आहे. करते आहे. सासूचा होकार मी लिहिणार नाही. तो लिहिला तर पुढच्या बाईच्या वेळीही तोच लागेल.

एक गोष्ट मात्र खुलाशात नाही. सुनेला विचारायच्या आधी मी सासूला विचारलं होतं. ती म्हणाली, "मालक बजारातून आल्याबिगर मी काई सांगत नाई." आणि मी थांबले. पंचवीस मिनिटं. इंजेक्शन दिलेलं, ट्रक दारात उभा, ड्रायव्हर हॉर्न देतो आहे, आणि मी एका माणसाची वाट पाहत दारात उभी. तुला निदान विहिरीचं कारण होतं. माझ्या अंगावर सरकारी पांढरा गणवेश होता, तरी थांबले.

त्या पंचवीस मिनिटांत तिला झटका आला असता तर मी तुला काय लिहिलं असतं, माहीत नाही. ती मिनिटं खुलाशात घातली तर तक्रारवाल्यांच्या हाती आयतीच लागतात. नाही घातली तर मी बाबूंपेक्षा वेगळी कशी? हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते वहीतच राहील. तरी विचारते, कारण त्या ओसरीवर तू किती वेळ बसली होतीस हे तुलाच ठाऊक. घालू की नको? रविवारी संध्याकाळपर्यंत कळव.