खाट नंबर एकोणीस

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सप्रेम सलाम वि. वि.

पत्र पोचलं. भर प्रार्थनेत पाळकबाईंचा सूर कसा घसरला ते वाचून पोट धरून हसले. पण चार पानांत स्वतःबद्दल एक ओळ नाही! ती मला तुझ्या शेजारच्या शिंपीणबाईंकडून कळावी? झगा डाव्या बाजूला सैल करा म्हणालीस म्हणे, आणि माप घेताना त्यांचा हात लागताच कळवळलीस. छातीत गाठ आहे, वर्ष झालं, कुणाजवळ बोलू नका, असं बजावलंस. त्या बोलल्या, देव त्यांचं भलं करो.

मीही नर्सच आहे, तुझ्याच हाताखाली शिकले. कुणाला दाखवलंस का? उलट टपाली कळव.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
भाची

९ फेब्रुवारी

चि. भाचीबाईस,
अनेक आशीर्वाद.

शिंपीणबाईंच्या पोटात काही राहत नाही. पुढचा झगा दुसरीकडे टाकीन.

अगं, एक्काहत्तर वर्षांची झाले. एक्केचाळीस वर्षं बायकांच्या वॉर्डात पाय झिजवले, प्रभूनं भरभरून दिलं. आता त्याच्या मनात असेल तसं होईल. रोज तेवढंच म्हणते आणि गाढ झोपते. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन मीच वाजवते, भाजी मीच आणते. डावा हात तेवढा वर जात नाही, म्हणून फळीवरचे डबे खाली काढून ठेवलेत. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

जावईबापूंना सांग, त्यांनी पाठवलेला चष्मा नाकावरून घसरतो.

सदैव तुझं भलं चिंतणारी,
आत्या

१४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सप्रेम सलाम वि. वि.

मोठ्यांशी असं बोलू नये, तरी रागावूनच लिहितेय. त्या दूधवाल्या बाई आठवतात? दोन वर्षं गाठ अंगावर काढून आल्या आणि म्हणाल्या, देव बघेल. तू त्यांना फैलावर घेतलंस, की देवानं कधीच बघितलंय, म्हणून तर तुम्हाला इथं पाठवलं, आता निमूट झोपा. मी शेजारी ट्रे धरून उभी होते. त्या वाचल्या नाहीत, तेव्हा तू चादरींच्या खोलीत जाऊन रडलीस.

तू प्रभूवर सोपवलेलं नाहीस, आत्या. तू घाबरली आहेस. आपल्या जुन्या इस्पितळातल्या सर्जनबाईंशी मी बोलले. वीस तारखेला, सोमवारी, खाट मिळेल. तपासण्या होऊन पुढच्या मंगळवारी ऑपरेशन. मी आदल्या दिवशी येतेय. तू जा गं, माझ्यासाठी तरी.

रागातही लोभ तसाच ठेवणारी,
भाची

२१ फेब्रुवारी

चि. भाचीबाईस,
अनेक आशीर्वाद.

आले बाई इथं. किती दिवस झाले, असं सर्जनबाईंनी विचारलं. चौदा महिने म्हणाले आणि मीच मान खाली घातली. तुझं खरं होतं, मी घाबरले होते. इथल्या पोरी चादरीचे कोपरे माझ्याकडून तपासून घेतात आणि माझी पाठ वळली की हसतात. चालायचंच.

आता एक सांगते, तू हसू नकोस. नोकरीत असल्यापासून मी रोज संध्याकाळी खाटेच्या नंबरानं प्रार्थना करते, एक ते बत्तीस. बायका बदलतात, नंबर तेच राहतात. निवृत्त झाल्यावरही सोडलं नाही. कुठल्या खाटेवर कोण आहे ठाऊक नसलं, तरी मागणं एकच, हिला बरं करून घरी पाठव. काल मला एकोणीस नंबर मिळाला. संध्याकाळी डोळे मिटून नेहमीसारखी एकपासून निघाले. अठरा झाली आणि पुढची खाट माझीच! आजवर स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, हावरटपणा वाटायचा. मग लाज सोडून म्हटलं, प्रभू, हिला बरं करून घरी पाठव, हिला अजून जगायचंय. पुढच्या तेरा खाटा रडण्यात राहूनच गेल्या, त्या आज सकाळी उठून केल्या.

सोमवारी लवकर ये. तुझी वाट बघणारी,
आत्या