मिरजगावच्या गाडीचा भोंगा

उस्ताद, बुडालेली कंपनी कितीला पडली, असं लोक मला आजही विचारतात आणि मी रकमेचा आकडा सांगून मोकळा होतो. खरी किंमत तुम्हाला सांगतो. बायकोच्या पाटल्या गेल्या. त्या तिनं स्वतःहून पुढे केल्या. पण माझ्या वाटणीची जमीन विकायला थोरल्या भावानं अंगठा दिला आणि त्यानंतर सहा वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. आणि ज्या बाकावर तुमच्या मांडीला मांडी लावून मी पंधरा वर्षं चहा प्यायलो, त्या बाकावरचे ड्रायव्हर मी दिसलो की उठून उभे राहायला लागले. तुम्ही तेवढे बसून राहायचात. "मालक, सरकू का?" असं विचारायचात, आणि सरकायचात मात्र नाही.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आपल्या ट्रक-कंपनीच्या शेठचे दोन मुलगे भांडून वेगळे झाले, लोकांचा माल वाटेत गहाळ व्हायला लागला, आणि भरपाई मागायला आलेल्या व्यापाऱ्यांना ऑफिसचं कुलूप बघून परत जावं लागलं. तीन ट्रक, पत्र्याची शेड आणि एक खराब झालेलं नाव, एवढं मी घेतलं. नगरच्या स्टँडमागच्या हॉटेलात माझ्यावर पैजा लागल्या. माझे कान तिखट, दोन टेबलं पलीकडचं ऐकू येतं. "परवापर्यंत स्टेअरिंग धरत होता, आता गादीवर बसलाय. पोळ्यापर्यंत टिकला तर मिशी काढीन." मी उठून त्या गृहस्थाच्या चहाचे पैसे दिले आणि म्हणालो, "मिशीची काळजी घ्या, राव. पोळ्याला मी वस्तरा घेऊन येतो." सगळं हॉटेल हसलं. मीही हसलो, पण मागे फिरायचं नाही हे त्या दुपारी ठरलं.

नव्या मालकाचं सगळं नवं पाहिजे, असं माझ्या डोक्यात बसलेलं. फळ्यांवरचं जुनं नाव खरवडून काढलं, गाड्या निळ्या केल्या आणि तुमच्या मिरजगावच्या गाडीचा रबरी भोंगा काढून विजेचा हॉर्न बसवला. भोंगा हातात घेऊन तुम्ही एवढंच विचारलंत, "ह्याला कुठं ठिवू?" मी म्हणालो, भंगारात.

मग पंधरा दिवस ती गाडी जाताना किराणा घेऊन जायची आणि येताना मोकळी यायची. मोकळी गाडी शेडमध्ये शिरताना मागचा फाळका खडखडतो; तो आवाज मला ऑफिसात बसून ऐकू यायचा. परतीचं भाडं नाही म्हणजे डिझेल अंगावर. असंच चाललं असतं तर पोळ्याआधी ट्रक विकावे लागले असते आणि तुमच्यासकट अकरा माणसं घरी बसली असती.

म्हणून मी तुमच्या शेजारी बसून निघालो. अजून दिसतं ते. रुईछत्तीसी मागे पडलंय, घोगरगाव गेलंय, मिरजगावच्या अलीकडच्या ओढ्याशी तुम्ही नवा हॉर्न दाबता. याच ओढ्याशी तुम्ही भोंगा तीनदा दाबायचात आणि तो ऐकून व्यापारी हमालांकरवी पोती पिंपळाखाली आणून ठेवायचे. आज पिंपळाखाली एक कुत्रं आहे. आपण थांबतो. बऱ्याच वेळानं तुरीचा आडत्या धोतर सावरत येतो.

"आरं, तुमी व्हय! आमाला वाटलं कुना सायबाची जीप हाय. पोती आतच ऱ्हायली. नवा मालक लई शाना दिसतोय."

"शाना हाय," तुम्ही म्हणता. "ह्यो काय, शेजारीच बसलाय."

आडत्या मला खालीवर बघतो. "मग बरं झालं. जुन्या मालकाकडं माजे तुपाचे दोन डबे गेल्यात. त्याचं आदी बोला, मग पोत्यांचं बगू."

 येताना घोगरगावाजवळ रस्त्यावरची नजर न काढता तुम्ही म्हणालात, "इंजनात खोट आसली की तुला ऐकू येती. नाव शेठचं खराब झालं. भोंगा माजा हुता. त्यानं कुनाचं काय बुडवलं हुतं?" इतकं सरळ मला कुणी कधी सुनावलं नव्हतं. शेडमध्ये पोचल्यावर मी भंगार उपसायला लागलो. तुम्ही सीटखालून टॉवेलात गुंडाळलेला भोंगा काढून माझ्या हातात दिलात, आणि आपण तो पुन्हा गाडीला बसवला.

एक दिवस तुम्ही सुट्टी मागितलीत. मी दिली. दुसऱ्या दिवशी गाडी गेली, आणि दिवस मावळायच्या आत शेडमध्ये शिरली तेव्हा फाळका वाजला नाही. गाडी काठोकाठ भरलेली. तुम्ही उतरून तोंड पुसत होतात. मी ओरडलो, "वाजला का भोंगा?"

"गाडी भरली न्हवं, मालक," तुम्ही म्हणालात आणि चहाला गेलात.

पोळ्याला मी वस्तरा घेऊन गेलोच. त्या गृहस्थानं हॉटेल बदललं होतं. पुढच्या वर्षी दुष्काळात सरकारी धान्य वाहिलं, तीन गाड्यांच्या सात झाल्या, पुढं मी मोजायचं सोडलं. लग्नात, सत्कारात, बँकेच्या साहेबांपुढं मी एकच गोष्ट सांगत आलोय: बुडालेली कंपनी मी एका भोंग्यावर उभी केली. नुसत्या कानावर!

तुम्ही गेल्यावर चार वर्षांनी एका लग्नात मी ती रंगवून सांगितली, तेव्हा तो आडत्या पंगतीत होता. हात धुताना म्हणाला, "शेठ, गोष्ट लई झ्याक सांगता. पन आदल्या दिवशी उस्ताद यष्टीनं आल्ते. दुकान-दुकान फिरले. म्हनले, ह्या पोराच्या गाडीत माल हरवला तर माज्या पगारातनं कापून घ्या. माज्या डब्यांचं पन तेंनीच कबूल केलं." डब्यांची भरपाई मी दुसऱ्याच दिवशी पोचती केली. तेव्हापासून आमच्याकडं हरवलेल्या मालाची भरपाई आधी देतात, चौकशी मागनं करतात. हा नियम मी असेपर्यंत मोडणार नाही, आणि माझ्यामागं कुणी मोडू नये अशी तजवीज केली आहे.

पुढच्या रविवारी मला शाळेत बोलावलंय, धंदा कसा केला ते सांगायला. मी भोंग्याचीच गोष्ट सांगणार, उस्ताद. ऐकणाऱ्यांना ती आवडते, आणि कबूल करतो, मलाही. म्हणून हा कागद कुणाच्या हाती लागणार नाही. पण आडत्यानं जाता जाता सांगितलेलं इथं लिहून ठेवतो: गाडी भरून आली त्या दिवशी भोंग्याचं रबर घोगरगावातच फाटलं होतं. मिरजगावात तो वाजलाच नव्हता.