सान्यूला घरी आणताना

९ जाने., कंपाला
उद्याचं विमान. मुलाचं, दिलीपचं, कंपनीचं काम इथे अजून दोन महिने आहे, म्हणून सान्यूला घेऊन सून वैशाली आणि मीच निघणार. दत्तकाचे कागद वैशालीच्या पर्समध्ये. सारखं विचारत होतो. शेवटी म्हणाली, "बाबा, पर्स तुम्हीच धरा."

घरी बायकोला फोन केला. सुमन म्हणते, "आणताय तर आणा. पण माझ्या मांडीवर ठिवू नका. ना आपल्यातली, ना आपल्या रंगाची. भावकीला काय सांगू मी?" वैशालीने विचारलं, आई काय म्हणाल्या? मी म्हटलं, खूश आहे, वाट बघते.

आता हे निस्तरायचं कसं...

१० जाने., मुंबई विमानतळ
गाडीची वाट बघत लिहितो आहे. सान्यू चार वर्षांची. माझ्याशी अजून बोलत नाही. विमानात पाव दिला तर अर्धा खाल्ला, अर्धा फ्रॉकच्या खिशात. वैशाली म्हणते, अनाथाश्रमात वाढलेली पोरं करतात असं, काढून घेऊ नका.

तपासणीच्या साहेबाने कागद बघितले, तिला बघितलं, मला बघितलं. "ये आपकी कौन?" नात, म्हटलं. हा शब्द तोंडातून पहिल्यांदाच निघाला. शिक्का मारला तरी वाटत होतं, मागून हाक मारेल.

११ जाने., चिखली
काल पोचलो. सुमन दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी. जिवात जीव आला. पोर नको असती तर दृष्ट कशाला काढली असती? तिघांवरून तुकडा ओवाळला, रस्त्यावर लांब टाकला.

सान्यू माझा हात सोडून पळाली. समोरच्या वर्कशॉपपुढे लोखंडाच्या किसात पडलेला तुकडा उचलला आणि तोंडात घातला. मागून टेम्पो येत होता. सुमनच आधी पोचली. तोंडात बोट घालून काढायला गेली, तोवर पोरीने गिळला. "ओवाळून टाकल्यालं खात्यात व्हय गं?" हातावर चापट मारली. पोर रडली नाही. घरात येऊन टेबलाखाली बसली.

वैशाली एवढंच म्हणाली, "खूश आहेत म्हणाला होतात."

पोरीला फेकलेलं अन्न दिसलं, दुसरं काय. मला आधी सुचायला हवं होतं. पण अशा वेळी मला कधी काही...

१२ जाने.
धाकट्या भावाची बायको येऊन गेली. "आक्का, तिघांची पीडा एकट्या पोरीच्या पोटात गेली की वो." चहा पिऊन, बिस्किटं खाऊन गेली.

सान्यूचं अंग गरम आहे. डॉक्टर म्हणाले, प्रवासाने होतं. औषध दिलं. सुमनला पटत नाही. "माझ्या हातनं गेलं ते." जेवली नाही. पोरीला जवळही घेतलं नाही. लांब उंबऱ्यावर बसून विचारते, "आता हाय का गरम?" पाच मिनिटांनी परत. मी म्हटलं, स्वतः हात लावून बघ. तर उठून गेली. माझी बी.पी.ची गोळी राहिलीच.

१३ जाने.
ताप उतरला. वैशाली म्हणते, दिलीप येईपर्यंत आकुर्डीला माहेरी राहते. "तिथे हिला कोणी मारणार नाही, बाबा." सुमनच्या तोंडावर बोलली. मी म्हटलं, दोन दिवस थांब. नाही म्हणाली. रिक्षा उद्या सकाळी सांगितली आहे.

संध्याकाळी सुमनने परात घेतली. "दुधातल्या दशम्या करते. वाटंत पोरीला भूक लागली तर." म्हटलं, अगं, रिक्षाने इथून इथे आकुर्डी, त्याला कसली वाट? मळते आहे.

सान्यू टेबलाखालून निघून परातीपाशी येऊन बसली. दोघींत हातभर अंतर. सुमनने पिठाचा एक गोळा तोडून तिच्यापुढे ठेवला आहे, पण तिच्याकडे बघत नाही.

वैशाली आतल्या खोलीत बॅग भरते आहे. तिला बोलवावं की नको, कळत नाही.