पार्किंगमधला खड्डा

८ मे
सूनबाईंना सोसायटीचं काम मिळालं. काम काय, तर खड्डा! पार्किंगच्या खालच्या कोपऱ्यात, दोन गाड्या मावतील एवढा. गच्चीचं पाणी त्यात सोडायचं, वर झाडं लावायची, पाणी जमिनीत मुरणार म्हणे. पाच वर्षं आर्किटेक्टचं कॉलेज करून हे. तळमजल्यात दरवर्षी पाणी शिरतं, तर मोठा पाइप टाका की. सातपूरला कंपनीत हयात गेली माझी. पाणी काढायचं तर पंप. झाडं नाही.
"पाइपचं पाणी खालच्या कॉलनीत शिरतं, बाबा." – प्रज्ञा.
शिरू दे.

१९ मे
काळी माती उपसली. खडी, वाळू, शेणखत. वर वाळा नि कर्दळ. चेअरमन पाटील नारळ फोडायला हजर, फोटोत सगळ्यांत पुढे. घमेलं उचलायला एकही नाही. प्रज्ञानेच उचललं. आमचे चिरंजीव मोबाइलवर शूटिंग करत उभे. माझंच रक्त.

२० जून
सकाळपासून धो धो. खड्डा तुडुंब. पाटील बाल्कनीतून ओरडले, "साहेब, सुनेनं तलाव केला हो!" मीही हसलो. प्रज्ञा खाली रेनकोटात, पाइपच्या तोंडचा पाला हाताने काढत होती. वर बघितलं, नि परत पाल्याला हात घातला.
तळमजला कोरडा. योगायोग.

२१ जून
दुपारी खाली गेलो. पाणी मुरलेलं, वाळा ताठ उभा. ग्रुपवर पाटील : 'आपल्या कमिटीच्या संकल्पनेतून...' काल तलाव, आज संकल्पना. निर्लज्ज.

४ जुलै
पाटलांच्या मुलाने नवी गाडी घेतली. लगेच खड्ड्यात डास झाले! रविवारी मीटिंग : खड्डा बुजवून पेव्हर ब्लॉक. तळमजल्याच्या अहिरेबाईसुद्धा, "डास तर आहेतच ना, भाऊ." कोरड्या फरशीवर उभं राहून बोलतात.
पाटील घरी आले. "ठराव तुम्हीच मांडा. घरचा माणूस बोलला की पोरीला लागणार नाही." वर डोळा मारला. मी त्यांच्यातलाच, असं समजून.
समजण्यासारखं वागलोयही म्हणा...

७ जुलै, रविवार
प्रज्ञा मीटिंगला येत नाही म्हणते. "तुम्हाला वाटेल ते बोला, बाबा." चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं.
ठराव व्हायचाय, आणि मुरमाचा ट्रॅक्टर गेटवर येऊन उभासुद्धा! खाली खुर्च्या मांडल्यात. पाटलांनी पुढची माझ्यासाठी राखलीय. आत्ताच हाक मारली, "या साहेब, तुमच्यासाठीच थांबलोय."
चप्पल घालतो.