गौरीचे हात

आई, मांजरी तू मारली नव्हतीस, हे आधीच लिहून टाकते. पण ती मी मारली असं तू मला सांगितलंस, आणि मी स्वतः आजी होईपर्यंत ते खरं मानत आले. मी आठ वर्षांची होते. एका कानावर काळा ठिपका असलेली ती पांढरी मांजरी चुलीजवळ माझ्या मांडीवर बसायची आणि मी तिला अंगणातल्या दूर्वा भरवायची. मांजर गवत खातं, याचं मला कोण कौतुक! गौर बसल्याच्या दुसऱ्या दिवशी मांजरीनं उलट्यांवर उलट्या केल्या, लाळ गाळत कणगीमागे जाऊन पडली आणि दिवस मावळायच्या आत ताठ झाली. तू पदराला हात पुसत आलीस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "चार तिला अजून गवत. तूच मारलीस तिला." तेव्हापासून मी मांजर पाळलं नाही. सासूबाईंनी एकदा कारण विचारलं, तर मी म्हणाले, माझा हात वाईट आहे.

आपल्याकडे गौर मुखवट्याची नसते. ओढ्यावरचा तेरडा मुळांसकट उपटून आणायचा, कारण मुळं म्हणजे तिची पावलं, आणि पावलांशिवाय ती घरात येणार कशी? त्या जुडीला साडी नेसवायची आणि दोन्ही बाजूंना कळलावीची लाल-पिवळी फुलं बांधायची, ते तिचे हात. त्या वर्षी कळलावी मीच आणली होती, कुंपणावरून, कांद्यासकट, मोठ्या हौसेनं. तिच्या पानांची टोकं दोऱ्यासारखी वळलेली असतात, आणि दोरा दिसल्यावर मांजर गप्प बसतं का? त्यातून गौरीच्या तिखट नैवेद्याला चिंबोऱ्या होत्या, खेकड्यांच्या त्या वासानं मांजरी तिथेच घुटमळत, ती पानं चावत होती. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं, फक्त त्याचा अर्थ मला कळला नाही. तुला कळला होता. कारण मांजरीला पुरून मी परत आले, तर गौरीचे हात बदललेले. कळलावीच्या जागी तेरडाच बांधलेला, आणि तू मोरीत राखेनं हात घासत बसलेली. पुढच्या वर्षापासून तुझा नियम सुरू झाला: कळलावी घरात आणायची नाही, भांडणं लागतात.

यंदा सून शहापूरच्या बाजारातून तेरडा घेऊन आली, त्याबरोबर पाड्यावरच्या बाईकडची कळलावीही. "बांधू का आई? गौरीला हात नकोत का?" फुलानं भांडणं लागतात यावर माझा विश्वास नाही. मी म्हटलं, बांध. तू खरं सांगितलं असतंस तर ती वेल मी उंबऱ्याच्या आत येऊ दिली असती का गं?

दुसऱ्या दिवशी दुपारी नातीची मांजरी ओकायला लागली. घरात पाहुणे होते. आणि त्या सगळ्यांदेखत माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "काय चारलंस गं तिला?" सात वर्षांची पोर. "गवतच दिलं आजी, थोडंसंच," एवढं म्हणाली आणि शहापूरच्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत रिक्षात मुसमुसत बसली.

डॉक्टरनं घरातली झाडं विचारली. मी एकेक सांगत गेले. तो म्हणाला, तुळस, दूर्वा, जास्वंद यांची काळजी नको. गवत तर मांजरं आपणहून खातात, त्यानं कोणी मरत नाही. कोरफड आणि कण्हेर लांब ठेवा. मग मी गौरीचं सांगितलं. तो लिहिता लिहिता थांबला. "कळलावी? ती पानापासून कांद्यापर्यंत विष आहे, आजी." मला मोरीत राखेनं हात घासणारी तू आठवलीस.

रात्र होऊ न देता मुरबाडला मावशीला फोन लावला. तुझी धाकटी बहीण, खोटं बोलायचं वय आता तिचं राहिलेलं नाही. "तिला म्हाईत व्हता गो," ती म्हणाली. "आमच्या बानं आमाला लानपनीच दाखवलेली ती वेल. पन गवरीच्या हातानं घरातला जीव गेला, असा कोन सांगंल? तिच्या सासूनं, तुझ्या आजीनं, तिला उभी ठेवली नसती. पोरीच्या नावावर खपून गेला."

खपून गेलं! आजीला घाबरलीस, हे मी समजू शकते. पण आजी गेल्यावरही तू वीस वर्षं जगलीस. माझ्या हातची भाकरी खाल्लीस, माझ्या हातून औषध घेतलंस, आणि हा हात वाईट नाही एवढं सांगायला तुला एक दुपार मिळाली नाही. तू मला फसवलंस, आई. गौरीला वाचवलंस आणि माझा बळी दिलास.

गौर गेली तेव्हा हा कागद तिच्याबरोबर ओढ्यात सोडणार होते, पण लिहून झाला नव्हता. आता तो तांदळाच्या डब्याखाली राहील. मांजरी वाचली. चार दिवसांनी घरी आली, नुसती हाडं. मी नातीला जवळ घेतलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "गवतानं नाही झालं, त्या फुलानं झालं. तुझी काही चूक नाही." हेच वाक्य मला तुझ्याकडून हवं होतं. ती मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिनं विचारलं, "मग ते फूल घरात कोणी येऊ दिलं, आजी?"

मी म्हटलं, "जा, बघ, दूध उतू जातंय."

ती धावत गेली. गॅसवर दूध नव्हतंच.