हलकी काडतुसं

४ ऑक्टोबर

ओहायोचे दातांचे डॉक्टर अस्वलाच्या शिकारीला आले. विमानातून आधी रायफल उतरली, मग ते. रायफल लिव्हरवाली, मोठ्या तोंडाची, नवीकोरी. दस्त्यावर अस्वल कोरलेलं. समोर आलं तर ओळखता यावं म्हणून असेल! हिने हत्तीसुद्धा पडेल म्हणाले. अलास्कात हत्ती कमी आहेत, मी म्हटलं. किती वेळा झाडलीत? दोनदा. खांदा अजून निळा आहे म्हणे.

५ ऑक्टोबर

उद्या नवऱ्याची, हॅल्वरची, परीक्षा. हंगामाआधी वाटाड्याने गिऱ्हाइकासमोर तीन गोळ्या कागदी ताटलीत घालायच्या — पंचवीस पावलांवरून, रायफल खांद्यावरून न काढता, लिव्हर सपासप ओढून पुढचं काडतूस आत घेत. एक चुकली की वाटाड्या वर्षभर घरी. सासऱ्यांचा नियम. खुळं पुरुषांची आणि काडतुसं भरायची मी!

खांद्याच्या ऑपरेशनपासून तो कोट घालतानाही ओठ चावतो. थंडीने, म्हणतो. जूनमध्येसुद्धा थंडीच होती!

एका डबीतल्या काडतुसांत बंदुकीची दारू निम्मीच भरली, खांद्याला धक्का कमी बसावा म्हणून. त्याला सांगितलेलं नाही. परीक्षेपुरतीच. अस्वलासाठीच्या पूर्ण दारूच्या जड डबीला लाल दोरा बांधलाय.

६ ऑक्टोबर

तिन्ही ताटलीत. हॅल्वर रायफल पुसत बसला. मग डॉक्टर उभे राहिले. पहिला बार — टोपी उडाली. घाबरून लिव्हर अर्धाच ओढला, दुसरं काडतूस आत अडकलं. रायफलच खराब आहे, असं त्यांचं निदान.

८ ऑक्टोबर

सकाळीच दोघं नावेने नदीत वरच्या अंगाला गेले. दहाला मी फळीवरून पीठ काढायला गेले, तर लाल दोऱ्याची डबी तिथेच! हलकी गायब. वायरलेस टेकडीपलीकडे पोचत नाही. डोळे आहेत की बटणं या माणसाला? आणि मी तरी काय शहाणी!

दुपारी लांबून एक मोठा बार. डॉक्टरांचा. मग बराच वेळ काहीच नाही. म्हणजे अस्वल जखमी होऊन झुडपात शिरलं, आणि मागोमाग आत जायचं वाटाड्यानेच.

मग चार बार. खोकल्यासारखे. मी भरलेले.

साडेपाच. नाव दिसली. दोघं आहेत.

९ ऑक्टोबर

डॉक्टर दिवसभर तेच सांगतायत. "काय धीर तुमच्या नवऱ्याचा, वर्नाबाई! सहा पावलांवर येऊ दिलं त्याने अस्वलाला."

येऊ दिलं म्हणे! चौथ्या गोळीला पडलं ते. जड असती तर पहिलीलाच बसलं असतं. हॅल्वर खाली मान घालून जेवला.

१० ऑक्टोबर

विमान गेल्यावर लाल दोऱ्याची डबी त्याच्यापुढे आपटली. ही दिसली नाही का, विचारलं.

"दिसली ना. हलकी कुठली, ते परीक्षेतल्या पहिल्या बारालाच कळलं होतं. मुद्दाम तीच नेली."

का पण, मी विचारलं.

"ऑगस्टात तू गावात गेलीस तेव्हा एक जड झाडून पाहिलं गं, वर्ना. रायफल हातात राहिली नाही."