शाल्मलीच्या वहीतले चौकोन

गिरीश,

शनिवार असला तरी जीसीएसई परीक्षेला बसणाऱ्या मुलांचा रिव्हिजन क्लास आहे, म्हणून शाळेत जातेय. दोनपर्यंत येते. आमटी फ्रिजमध्ये आहे, भात तेवढा लाव.

शाल्मलीचा रेशोचा होमवर्क राहिलाय. तू काल तिला त्रैराशिकाने शिकवलंस, उत्तर बरोबरच येतं, पण तिच्या टीचरला चित्र हवंय. तीनास दोन असेल तर वर तीन चौकोन, खाली दोन, सगळे एकाच मापाचे. वीस गोळ्या पाच चौकोनांत वाटल्या की प्रत्येकात चार. एवढंच आहे. पेन्सिल मात्र तिच्याच हातात राहू दे.

काल तिच्यासमोर तुझ्यावर चिडले, ते चुकलं. दिवसभर वर्गात हेच समजावून घरी आले की माझ्यात काही उरत नाही.

तिच्या वहीचं शेवटचं पान बघ. तिने स्वतःच एक गणित मांडलंय : या आठवड्यात माझ्याबरोबर कोण जेवलं. बाबांचे सहा चौकोन, आईचा एक. सकाळी सवयीने हिरवं पेन घेऊन तपासायला बसले. चौकोन अगदी सारखे काढलेत. मला चूक सापडली नाही.

उल्का